आतून पिवळी

मालिंचे नावाच्या डोंगरावरची केशरी अळंबी ओळखावी ती म्हाताऱ्या एउस्तोलियानंच. छत्री आतून पिवळी असेल तर खायची, पांढरी असेल तर ती तिची विषारी बहीण, हे गावातल्या निम्म्या सुना तिच्याकडूनच शिकल्या होत्या.

त्या दिवशी टोपलीतली अळंबी उलटी करताच तिची सून ब्रिहिदा दचकली. "अहो आई, ही तर पांढरी आहे!"

"डोळे फुटले का गं तुझे? चांगली पिवळीधमक आहे."

"आणि माझा हा एप्रन?"

"तोही पिवळाच की."

पांढराशुभ्र एप्रन ब्रिहिदाच्या मुठीत चुरगळला. "आई, सकाळची टोपली कुणाला दिलीत?"

"शेजारी. बाप्तिस्म्याच्या जेवणाला."

ब्रिहिदा धावत पोचली, तेव्हा अंगणात पाहुणे रिकामे वाडगे पुढे करून आणखी सूप मागत होते.