चौथा रिले

नाना गेल्यापासून त्यांची जुनी अ‍ॅम्बेसेडर नाशिक रोडच्या बंगल्यातल्या गॅरेजमध्ये नुसती उभी होती. त्यांच्या मुलीनं, कुसुमताईंनी, मला नवा फ्यूजबॉक्स आणि चार रिले बसवायला बोलावलं. जुनी बटणं सगळा करंट झेलून जळतात; रिले बसवला की बटण दाबल्यावर तो टक् करतो आणि करंटचा भार स्वतः घेतो, म्हणून हा खटाटोप.

बंपर आणि भिंत यांच्यामध्ये मी कसाबसा उभा होतो. उघड्या बॉनेटमुळे गाडीत कोण बसलंय ते दिसत नव्हतं.

"ताई, आत बसा. मी सांगतो ते बटण दाबा," मी ओरडलो.

गाडीचं दार लागलं. मी रिलेवर बोट ठेवलं.

"हॉर्न!"

बोटाखाली टक् झालं. हॉर्न वाजला.

"दिवे!"

टक्. भिंत उजळली.

"पंखा!"

टक्.

तेवढ्यात घराच्या दारातून कुसुमताईंची हाक आली. "शोएबभाई, आलेच हं! गाडीची किल्लीच सापडत नाहीये. आणि समोर उभे राहू नका. नाना गाडी गिअरमध्येच ठेवायचे, स्टार्टर मारला की पुढे उडी घेते."

माझं बोट चौथ्या रिलेवर होतं. तो स्टार्टरचा.

मी अजून काहीच म्हटलं नव्हतं.

टक्.