जरीनाबीचं माप

चादर कमी पडली. जरीनाबीची पावलं उघडीच राहिली.

सुगराबी थबकली. धुळ्यात तीस वर्षं ती बायकांचं कफन बेतत आली होती आणि तिचा नियम एकच होता. मय्यतीची उंची आणि वर दोन वीत. एक डोक्याशी बांधायला, एक पायाशी. ठेंगणीला आखूड निघे, उंच बाईला लांब, चार दिवसांच्या बाळाला टॉवेलाएवढं. जे माप घालावं त्याचं ठरलेलं कापड निघायचं. आजवर कमी पडलं नव्हतं.

"सूत आण," ती महेकला म्हणाली.

महेक जरीनाबीची एकुलती मुलगी. आईनं गेल्या रमजानात तिच्याकडून स्वतःची उंची मोजून घेतली होती आणि गाठ मारलेलं सूत पेटीत जपून ठेवलं होतं. त्याच सुतावर सुगराबीनं आज कापड फाडलं होतं.

तिनं सूत चादरीवर अंथरलं. सूत संपलं, पुढे बरोबर दोन वीत उरलं. कापडात चूक नव्हती.

भोवतीच्या बायका चादरीकडे वाकून बघू लागल्या. उन्हानं वरचे पत्रे तडतडत होते.

"मय्यत वाढली," कुणीतरी कुजबुजलं. दाराजवळच्या दोघी उठून अंगणात गेल्या. सोनगीरहून आलेली जरीनाबीची म्हातारी नणंद कुलसुमबी तेवढी उशाशी मान खाली घालून बसून राहिली.

 अस्रच्या नमाजानंतर दफन होतं, बाहेर पुरुष खोळंबले होते. बिस्मिल्ला म्हणून सुगराबीनं सुताचं टोक जरीनाबीच्या टाळूशी धरलं आणि सूत खाली ताणत नेलं. ते नडगीवरच संपलं. तिनं पुन्हा धरलं. पुन्हा नडगीवरच.

"तू नीट मोजलं होतंस ना?"

"हो, खाला. अम्मी समोर उभी होती. नेहमी उभी राहायची तशीच."

सुगराबीनं जरीनाबीच्या पाठीखाली हात घालून पाहिला. हात शिरेना. सगळ्या मोहल्ल्यानं जिला कायम कमरेत वाकलेली पाहिलं, तिची पाठ फळीला सपाट टेकली होती.

मग तिनं सूत बाजूला ठेवलं, मय्यतीवरूनच माप घेतलं, वर दोन विती धरल्या आणि नवी चादर फाडली. ती पुरली. दोन्ही टोकं नीट बांधता येणार होती.

चेहरा झाकण्याआधी महेक पायाकडून उशापर्यंत बघत राहिली.

"अम्मी एवढी उंच होती?"

 कुलसुमबीनं मान वर केली.

"निकाहात माझ्या भावापेक्षा उंच दिसत होती," ती म्हणाली. "आमच्या अम्मीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, दुल्हन, जरा वाकून चालत जा."