दहा राण्यांचं वारूळ

"दहा दहा राण्या राहतात एका वारुळात. तुझ्याच प्रबंधात आहे," कुंदाचा नवरा यज्ञेश्वर दारात उभा राहून म्हणाला. "टाइप मीच करून दिला ना!"

तिच्या मनगटांवर लाल मुंग्यांच्या डंखांचे फोड होते. चार वर्षं ती कॉलेज सुटलं की पुसदभोवतीच्या पऱ्हाटीच्या धुऱ्यांवर, कापसाच्या शेतांच्या बांधांवर, वारुळं खणत होती. काही वारुळांत दुसरी राणी सोडली, की कामकरी मुंग्या तिचे तुकडे करत. काहींत मात्र दहा राण्या नांदत. हा फरक मुंग्यांच्या रक्तातच असतो, जनुकांच्या एका जुडग्यात, हेच तिनं प्रबंधात मांडलं होतं.

यज्ञेश्वरमागं पायरीखाली चंदा उभी होती. झरी जामणीकडची, पंचविशीची. कापसानं माणसं गिळली ती ही वर्षं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांचे मदतीचे अर्ज भरून घेणं ही यज्ञेश्वरची सरकारी नोकरी. चंदाचा अर्ज त्यानंच भरला होता. आता तिच्या गळ्यात नवी काळी पोत होती.

"घे व घरात," आतून सासूबाई, इंदुताई म्हणाल्या. "लोकं पाहून राह्यले. म्या नाही काढले तीस वर्षं सवतीसंगं?"

कुंदानं चंदालाच विचारलं, "तुला काय सांगितलं यांनी?"

"घरची बाई राजी हाय म्हने." चंदाची मान वर होईना. "अन् मी नाही म्हनलं, तं अर्ज पुढं जात नाही म्हने."

कुंदानं चंदाचा हात धरला आणि तिला घरात ओढून घेतलं.

यज्ञेश्वरचा जीव भांड्यात पडला. "याले म्हणतात शिकलेली बायको," म्हणत तो चपला काढू लागला.

"चपला राहू द्या. तुम्ही तीनच प्रकरणं टाइप केलीत. चौथं वाचलं नाहीत." कुंदानं दार हातात धरलं. "वारुळात कोणाला ठेवायचं, ते राबणाऱ्या मुंग्या ठरवतात. आणि नर एकदा उडून बाहेर पडला, की परत येत नाही. दहा राण्यांच्या वारुळातही नाही."

तिनं त्याच्या तोंडावर दार लावलं. खालची कडी घातली.

बाहेरून धडका बसू लागल्या. "माय! ओ माय! दार उघड!"

इंदुताई भिंत धरत उठल्या. दाराशी गेल्या. टाचा उंचावून त्यांनी वरचीही कडी घातली.