वरचा थर

आधी खालचा थर, मग वरचा, हा सुमैराच्या सरांचा नियम. दरड वाचायची तर तळापासून वर जायचं. आज तो नियम तिला भलताच सोयीचा वाटत होता.

कुंडलच्या पुढं, कृष्णेच्या काठाला पाण्यानं कापलेली ती दरड. कॉलेजच्या भूशास्त्राच्या प्रकल्पाला सरांनी नेमकी हीच जागा दिली. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! पोरीला एकटीला नदीवर कशी सोडायची, म्हणून हाजराबी लेकीसंगं आली होती आणि टेपचं खालचं टोक धरून बसली होती.

तळाला पाण्यातल्या चुन्यानं सांधलेले गोटे, त्यांचा पार खडक झालेला.

"ह्यो किती जुना गं?"

"हजारो वर्षांचा, अम्मी."

त्यावर वाळू, मग काळी चिकणमाती, मग पुन्हा वाळू. सुमैरा एकेक थर खुरप्यानं साफ करी, मोजी, लिहून घेई आणि मोजलेलंच पुन्हा मोजी. एवढ्याशा कामात सकाळ गेली. पण चालढकल तरी किती करणार? अखेर सगळ्यात वरचा थर आला. फिकट, पिठासारखा मऊ, जेमतेम वीतभर.

"आन ह्यो?"

सुमैरा साफ केलेला थरच पुन्हा खरवडू लागली. मागं मोठा पूर चढला तेव्हा तिचे अब्बा, चांदसाहेब, याच काठावर शेरडं सोडवायला आले होते. शेरडं पोहत घरी आली. अब्बा आले नाहीत, मयतही सापडली नाही. "माती दिली न्हाई, तर फातेहा कुणाचा वाचताय?" असं म्हणून हाजराबीनं मयताच्या नावानं दुआ वाचायला आलेल्या सगळ्या भावकीला उंबऱ्यावरूनच माघारी धाडलं होतं. तिच्या हातातल्या बांगड्या अजून तशाच होत्या. खोटं बोलून मोकळं व्हावं, असं सुमैराच्या फार मनात आलं.

"सांग की गं."

"त्या सालचा. अब्बा गेले, त्या पुराचा."

हाजराबी उठली. तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा तिनं थरावरून हात फिरवला. मग खाली वाकून पायथ्याची माती मुठीत घेतली आणि वर काठावर टाकली. आणखी एक मूठ टाकली. आणखी एक. तिचे ओठ हलत होते. मयतीला तीन मुठी माती द्यायची, ती कब्रस्तानात, आणि तिथं बायका जात नाहीत. पण इथं अडवायला होतं कोण?

सुमैराला रडू आवरेना. हाजराबीनं पदराला हात पुसले आणि टेपचं वरचं टोक स्वतःच धरलं.

"परत मोज," ती म्हणाली. "आता तीन मुठी जास्त भरंल."