ओ कोणी दिली

"ढब्बे, मी आत जागीच राहिले तर तुला कळणार कसं?"

ऑपरेशनच्या टेबलावर आडवी पडली तरी मावशीचं तोंड सुरूच होतं. जन्मभर शिवणयंत्र चालवून तिचे दोन्ही खांदे कामातून गेले होते. आज उजव्याची दुरुस्ती होती. भूल द्यायला भाचीच हवी, परक्याच्या हातून मी झोपायची नाही, असा तिने हट्ट धरला होता. घरच्या माणसाला आपण भूल देऊ नये, हे डॉक्टर असलेल्या भाचीला पक्कं ठाऊक होतं. तरी ती मावशीपुढे नमली.

तिने मावशीच्या डाव्या कोपराखाली पट्टा गुंडाळला आणि हवा भरून घट्ट केला. "हे बघ, भुलीबरोबर अंग लुळं पाडायचं औषध देतात. मग माणूस जागा असला तरी त्याला पापणीसुद्धा हलवता येत नाही. या पट्ट्यामुळे ते औषध तुझ्या पंज्यात उतरणार नाही. मी हाक मारीन. ऐकू आलं तर एकदा हात दाब."

"आणि सोसत नसलं तर?"

"तर दोनदा. पण तशी वेळच येणार नाही."

"मेले, आता झोप लागेल का मला?" मावशी हसली आणि हसता हसताच तिचे डोळे मिटले.

थिएटरमध्ये सगळे, आणि मावशीशी बोलताना भाचीही, ज्याला पाठीमागे सुतार म्हणत, तो सर्जन खांदा उघडून गुणगुणत कामाला लागला. मॉनिटरवरचे आकडे जिथल्या तिथे होते. भाचीने मावशीचा डावा हात आपल्या हातात घेतला. सुया टोचून टोचून निबर झालेलं तिचं मधलं बोट भाचीच्या तळव्याला लागलं. अशा वेळी हाक मारायची ती खात्रीसाठी. त्या हाकेला ओ सहसा येत नाही आणि येऊही नये.

ती कानाशी वाकली. "मावशी, ऐकू येतंय का गं?"

बोटं मिटली. एकदा.

हात आपोआपही आवळला जातो कधीकधी, असं भाचीने स्वतःला समजावून पाहिलं. खरं-खोटं करायला आणखी एक प्रश्न विचारावा लागणार होता.

"दुखतंय?"

हात दाबला गेला. मग पुन्हा एकदा.

"सर, थांबा! ती जागी आहे."

सर्जनचं गुणगुणणं थांबलं. त्याने मॉनिटरकडे पाहिलं. "नाडी बघा, प्रेशर बघा. गाढ झोपल्यात त्या. आखडला असेल हात. अहो मॅडम, म्हणूनच म्हणतात, घरच्यांना भूल देऊ नये."

तोवर भाचीने एका हाताने भुलीची सिरिंज दाबायला घेतली होती. दुसरा हात मावशीच्या मुठीत होता. मूठ आता एकदा की दोनदा ते मोजत नव्हती, घट्ट धरून बसली होती. निबर बोटाचं नख तळव्यात रुतलं. "झालंच हं, झालंच," भाची कानात पुटपुटत राहिली. भूल चढली तशी बोटं सुटत गेली, ते निबर बोट सगळ्यात शेवटी.

ती परत परत हाक मारत राहिली. ओ आली नाही. फार वेळ बांधता येत नाही म्हणून मग पट्टा सोडावा लागला आणि तो हातही लुळा पडला. आता आत कोणी उरलं नाही, की असूनही सांगता येत नाही, हे कळायला काही मार्ग नव्हता. सर्जन पुन्हा गुणगुणू लागला.

संध्याकाळी मावशी उशीला टेकून डाव्या हाताने चहा पीत होती. "मेल्यासारखी झोपले बघ. काही म्हणता काही कळलं नाही."

"माझा आवाज? हात धरला होता तो?"

"छे गं. तुझ्याशी हसता हसता डोळे मिटले ते इथेच उघडले. मधलं सगळं कोरं."

भाचीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. जिने हात धरला होता तिला ऐकू येत होतं, तिला दुखत होतं. ती मावशीच म्हणावी तर मावशीला तिचा पत्ता नव्हता. दुसरी कोणी म्हणावी, तर ती गेली कुठे? आपण तिला सोडवलं की नुसतं गप्प केलं?

"हाक मारणार होतीस ना तू? मारलीस?"

"मारली."

"मग? मी ओ दिली?"

खरं सांगितलं तर ही पुन्हा कधी बिनघोर डोळे मिटणार नाही, असं भाचीला वाटलं.

"नाही," ती म्हणाली. "गाढ झोपली होतीस."

"वाटलंच मला." मावशीने कप खाली ठेवला आणि त्याच हाताने तिचा हात धरला. भाचीच्या तळव्यावर नखाची खूण अजून होती. निबर बोट नेमकं त्या खुणेवरच टेकलं. "मग ढब्बे, सांगून टाक तुझ्या त्या सुताराला. हा बरा झाला की डावा खांदाही उरकून घेऊ. काही कळतच नाही, तर भ्यायचं कोणी?"