अण्णांचे ठोके

डॉक्टरांनी दोन आलेख टेबलावर शेजारी शेजारी मांडले. शशिकला आणि अण्णा, दोघा भावंडांना कंपवात. छातीचे ठोके नोंदवणारं यंत्र दोघांना एकाच दिवशी लावलं होतं, आणि नेमक्या त्याच दुपारी त्यांचा धाकटा भाऊ विनू अपघातात गेल्याचा फोन आला.

फोनच्या वेळी शशिकलेचे ठोके उसळले होते. अण्णांचे मात्र पेपर वाचत बसल्यासारखे संथ.

"अण्णांनीच विनूला अंगाखांद्यावर खेळवलं. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, आणि काळीजही हललं नाही?" बाहेर बाकावर बसलेल्या अण्णांना ऐकू जावं म्हणूनच ती मोठ्यानं बोलली.

"या आजारात चेहरा थिजतो," डॉक्टर म्हणाले. "हृदयाच्या नसाही सुकतात, पुरुषांत हे जास्त दिसतं. दुःख झालं तरी ठोके वाढत नाहीत. वाढतो तो हाताचा कंप."

शशिकलेनं बाहेरच्या बाकाकडे पाहिलं. त्या दुपारी अण्णांचा उजवा हात मांडीवर थडथड उडत होता. घर माणसांनी भरलेलं. "लोक बघतायत, अण्णा," पुटपुटत तिनं स्वतःचा कापरा हात पदराखाली लपवला होता, आणि दुसऱ्या हातानं अण्णांचा हात पार थांबेपर्यंत दाबून धरला होता.