हरणांची पेरणी

व्हर्लिनचे थोडेच दिवस उरलेत, हे डॉक्टरांनी फक्त त्याच्या बायकोला, आर्डिसला सांगितलं होतं. विस्कॉन्सिनच्या त्या खेड्यांत तेव्हा तशीच रीत होती. ऑगस्ट लागला तशी ती दरवर्षीसारखी सलगमाचं बी घेऊन आली. रानाच्या कडेचा एक तुकडा व्हर्लिन हरणांसाठीच पेरायचा. कडक थंडीने सलगमाचा पाला गोड झाला की हरणं त्यावर यायची, आणि तोवर शिकारीचा मोसम लागलेला असायचा.

अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या व्हर्लिनने बियाण्याची पिशवी पाहिली आणि मान हलवली. "यंदा ओट पेरू या."

"ओट? म्हाताऱ्या, डोकं ठिकाणावर आहे ना? थंडीत करपून जातील ते. मग नोव्हेंबरात बंदूक घेऊन काय कावळे मारणार आहेस?"

"आठवड्यात उगवतात," तो म्हणाला. "कोवळे असतानाच हरणं येतात. इथून, खुर्चीतूनसुद्धा दिसतील."

"आणि शिकार?"

"राहू दे गं शिकार. एकदा डोळे भरून बघून घेतो."

बी बदलून आणते, असं काहीतरी पुटपुटत आर्डिस वळली, तेव्हा व्हर्लिनने तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

"डॉक्टरला यातलं काही बोलू नकोस हं," तो म्हणाला. "येतो तेव्हा बिचारा माझ्याबरोबर नोव्हेंबरच्या शिकारीचे बेत करत बसतो. करू दे त्याला."